खांब हाय, तार न्हाय

माझं पॅरिस मोरीच्या दाराशेजारी होतं. तिथं एक खिळा होता आणि त्या खिळ्याला सुताचे रंग बनवणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. मालकांकडं रंगाच्या डब्यांबरोबर असली कॅलेंडरं यायची, त्यातलं एक ते अण्णांना द्यायचे. गुळगुळीत कागद, बारा महिन्यांची बारा चित्रं. जानेवारीत पाण्याच्या रस्त्यावरून होडी वल्हवणारा टोपीवाला, मार्चमध्ये पवनचक्की आणि लाल-पिवळी फुलं, आणि मे महिन्यात आयफेल टॉवर. त्याच्यासमोर फूटपाथवर खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेली निवांत माणसं. वर्ष संपल्यावर आई ते काढून टाकणार होती, पण त्याच्यामागं भिंतीचा मोठा पोपडा निघाला होता, तो झाकायला म्हणून राहिलं. मी मे महिन्याचं पान वर करून ठेवलं ते कायमचंच. त्यामुळं आमच्या घरात सलग तीन वर्षं मे महिनाच चालू होता. सोलापूरच्या माणसाला यात काही वेगळं वाटायचं कारण नाही.

खरा मे यायचा तेव्हा मात्र घरातल्या वस्तूच बोलायला लागायच्या. सकाळी नऊलाच मागच्या खोलीचा पत्रा तापून टकटक वाजायचा. रांजणाला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं, ते दर तासाला वाळून कडक व्हायचं आणि कुणाचा तरी हात लागला की खरखर करायचं. गल्लीत चार घरांत माग होते, त्यांचा खटाक-खटाक आवाज इतका अंगवळणी पडलेला की वीज गेली आणि माग थांबले की झोपलेली माणसं दचकून उठायची. दुपारचा भोंगा झाला की अण्णा जेवायला यायचे. ज्वारीची आंबील, त्यात ताक, वर ठेचलेला लसूण. भाकरी, शेंगाची चटणी, हाताच्या बुक्कीनं फोडलेला कांदा. कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून वाडग्यात. आंबील पिऊन झाली की अण्णा मिशी पुसायचे आणि उगाचच म्हणायचे, "आज जरा कमी आहे नाही ऊन?" कमी कधीच नसायचं. आई पदरानं वारा घेत राहायची.

अशा घरात, अशा उन्हात, सोळा वर्षांची एक मुलगी युरोपात राहत होती. तिचं नाव कुसुम. आता ती पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहे आणि तिचे गुडघे दुखतात, पण तिच्यावर दया दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. फार आगाऊ होती. नवी पेठेत जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून तिनं फ्रेंच शिकवणारं एक पुस्तक आणलं होतं. त्याची पहिली तीस पानं उंदरानं खाल्ली होती, आणि उच्चार कसे करायचे ते नेमकं त्या तीस पानांत होतं. पण असल्या किरकोळ गोष्टींनी ती अडणारी नव्हती. जेवढी अक्षरं दिसतील तेवढी सगळी उच्चारायची, असा तिनं स्वतःच नियम केला. सकाळी उठल्यावर चुलीपाशी येऊन ती म्हणायची, "बोंजोउर!" आई म्हणायची, "आधी चूळ भर."

भाकरी ती काट्यानं खायला बघायची. काटा घरात एकच होता, तो लोणच्याच्या बरणीचा. कडक भाकरीला काटा टोचला की भाकरीचे तीन तुकडे होऊन तीन दिशांना जायचे. पण कळस झाला तो खुर्चीचा. कॅलेंडरातली माणसं फूटपाथवर उन्हात बसून कॉफी पितात, म्हणजे तीच राहणी, असं तिनं ठरवलं. एका दुपारी, आई लवंडलेली बघून, तिनं घरातली एकुलती एक लाकडी खुर्ची दारापुढं रस्त्यावर मांडली. समोर स्टुलावर कपात काळा चहा, कारण कॉफी घरात नव्हती. डोक्याला काही नाही, कारण चित्रातल्या बाईच्या डोक्याला काही नव्हतं. आणि बसली. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कुत्र्यांना अक्कल असते. अर्ध्या तासानं पलीकडच्या घरातल्या बाईंनी ओरडून आईला उठवलं, "अहो, तुमची कुसुम बाहेर उन्हात बसून हसायलीय की!" मी हसत नव्हते, मला चक्कर येत होती. मग तळपायांना कांद्याचा रस, कपाळावर ओलं फडकं, पन्ह्याचे तीन पेले आणि दोन दिवस अंथरूण. त्याच वेळी माझी आत्या सोलापूरजवळच्या मंद्रूप गावाहून आली होती. अण्णांची थोरली बहीण, उंच, काळीसावळी, आवाजानं गुरं वळवणारी. ती उशाशी बसून विचारायला लागली, "काय गं फिरंगे, इलायतेत लई ऊन हाय व्हय?" त्या दिवसापासून तिनं मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. माझ्या लग्नात अंतरपाटापलीकडून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ती ओरडली होती, "फिरंगे, मान वर कर की!" नवऱ्यानं पुढं आठवडाभर मला त्या नावाचा खुलासा विचारला.

उन्हाळ्याची माझ्याकडची खरी नोकरी म्हणजे गच्चीवर कावळे राखणं. आई आणि शेजारणी पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवायच्या, सोऱ्यातून कुरडया पाडायच्या, आणि मग पांढऱ्या धोतरांवर वाळत पडलेल्या त्या चक्रांपाशी काठी घेऊन मी. एकदा मी आईला सांगितलं, "आई, इटलीत पण असंच करतात. पिठाच्या लांब लांब शेवया. त्यांचं तेच जेवण." आई सोऱ्या दाबत होती, कपाळावरून घाम चिकात पडू नये म्हणून मान तिरकी. ती म्हणाली, "मग तिथल्या बायांना बोलव कावळे राखायला. तू नीट राखत नाहीस."

आता अण्णांच्या कामाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चादरीवर मोर दिसतो, कमळ दिसतं, तो आधी कागदावर असतो. बारीक चौकटींचा मोठा कागद, त्यावर पेन्सिलनं चित्र, आणि मग लाल शाईनं एकेक घर भरायचं. भरलेलं घर म्हणजे तिथं दोरा वर उचलला जाणार. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. एक पट्टी म्हणजे विणकामाची एक ओळ. शेकडो पट्ट्या दोऱ्यानं ओवून त्यांची माळ करतात आणि ती मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रात चढवतात. माळ फिरते, भोकं सांगतात तसे दोरे उठतात, आणि खालून मोर निघतो. अण्णांना कारखान्यात सगळे मास्तर म्हणायचे. अठरा वर्षांत त्यांची एक नक्षी चुकली नव्हती, आणि म्हणून त्या कारखान्यात एक रीत पडली होती. दुसऱ्या कुणाची नक्षी आली तर आधी एक चादर विणून बघायची. मास्तरांची आली तर सरळ मागावर. "मास्तरची नक्षी, त्यात काय बघायचं," असं मालक स्वतः म्हणायचे. लाल घरं भरायचं काम अण्णा मला द्यायचे. माझा हात हलत नसे. माझ्या त्या वयातल्या गुणांची यादी केली तर ती एवढ्यावरच संपते.

त्या वर्षी मे लागला आणि अण्णांचे डोळे आले. अर्ध्या सोलापूरचे आले होते. डोळे लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या. वैद्यांनी सांगितलं, पंधरा-वीस दिवस उजेड बघायचा नाही. गुलाबपाण्यात भिजवलेली पट्टी डोळ्यांवर बांधून अण्णा मधल्या खोलीत बसून राहिले. नेमकी तेव्हाच मालकांना लग्नसराईसाठी नवी चादर हवी होती. मधोमध देवळाचं शिखर, भोवती फुलांचा काठ. अण्णांनी शिखराचं पेन्सिलचं कच्चं काम आधीच केलं होतं, घरं भरायची राहिली होती. मालक घाईत होते, त्यांना पुतणीच्या लग्नाला तेलंगणात जायचं होतं. जाताना दारातूनच म्हणाले, "मास्तर, पोरीकडून भरून घ्या, अंबय्याकडं द्या. मी येईपर्यंत माल पाडून ठेवा." अंबय्याकाका म्हणजे पुठ्ठ्यांना भोकं पाडणारे. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि पान खाताना दोन्ही एकदम.

दुपारी मी कागद घेऊन अण्णांच्या शेजारी बसायचे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य बारीक चौकटीत बघण्यात गेलं तो पट्टी बांधून बसला की किती कंटाळतो ते मी तेव्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुझ्या त्या कॅलेंडरात काय काय आहे गं? मी आणलं, पण नीट बघितलंच नाही कधी."

मला काय, कुणीतरी विचारायचीच खोटी. मी बारा महिने सांगितले. होडीवाल्याच्या टोपीची रिबीन, पवनचक्कीच्या दारातली मांजर. मे महिन्यापाशी आल्यावर अण्णा थांबवून थांबवून विचारायला लागले.

"पाय किती आहेत त्याला?"

"चार. पुढचे दोन मोठे, मागचे दोन बारीक दिसतात."

"मधे काय, भिंत?"

"भिंत नाही. सगळी जाळी. आरपार आकाश दिसतं."

"दगडाचा नाही?"

"लोखंड आहे अण्णा. नुसत्या पट्ट्या."

"बघ की," अण्णा म्हणाले. "जाळीवर उभा केला त्यानं." आणि बराच वेळ त्यांची बोटं मांडीवर काहीतरी आखत होती.

पुढं जे केलं ते अण्णांमुळं केलं असं मी सांगणार नाही. मूर्खपणा माझ्या घरचाच होता. शिखराकडं बघता बघता मला वाटलं, खालून रुंद, वर निमुळतं, फरक तो किती? अण्णा एकदा म्हणाले होते की आपल्या कारखान्याचा माल परदेशात पण जातो. बस्स. पुढचं सगळं मला दिसायलाच लागलं. चादर बोटीतून जाणार, पॅरिसला कुणीतरी ती उलगडणार, चकित होणार, विचारणार, ही कुणी काढली? आणि मग सोलापूरच्या आमच्या गल्लीत पोस्टमन येणार. मी पेन्सिलचं शिखर खोडरबरानं पुसलं. अण्णा हातभर अंतरावर पट्टी बांधून बसलेले, आणि मी आवाज होऊ नये म्हणून हळूहळू पुसत होते. मग चार दुपारी बसून मी आयफेल टॉवर काढला आणि भरला. चार पाय, जाळी, कमान, वर टोक. फुलांचा काठ तसाच ठेवला. सगळंच बदललं तर बरं दिसणार नाही, एवढा विवेक होता.

माल पाडताना विणकराच्या कसं लक्षात आलं नाही, असं माझी नात ऋता मला विचारते. तिला सांगितलं तेच इथं सांगते. चादर मागावर खालून वर निघते. आधी चार खांब निघाले, विणकराला वाटलं देवळाचा मंडप. मग कमान निघाली, वाटलं गाभाऱ्याचं दार. टोक निघेपर्यंत खालचा भाग रुळावर गुंडाळला गेलेला. आणि मास्तरांची नक्षी, त्यात काय बघायचं.

मालक परतले त्या दिवशी अण्णांची पट्टी सुटली होती. ऐंशी चादरी निघाल्या होत्या. कारखान्याच्या अंगणात व्यापाऱ्यासमोर पहिल्यांदा घडी उलगडून पसरली, आणि मालक ती तशीच खांद्यावर टाकून उन्हातून चालत आमच्या दारात आले. त्यांनी ओट्यावर चादर फेकली. मी दाराआड होते.

"मास्तर, हे देऊळ कुठलं? आं? देव कुठं बसतो ह्यात? खांबावर?"

अण्णांनी चादर उचलली. लाल डोळ्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिली. मला वाटलं, आता ते हाक मारणार. कुसुम, बाहेर ये. मी जायला तयार होते, निदान तशी माझी समजूत होती. दाराची कडी मात्र हातातून सोडली नाही.

"डोळे आले होते मालक," अण्णा म्हणाले. "नजर चुकली. माझीच चूक."

"अठरा वर्षांत चुकली नाही ती आता चुकली?"

"वय झालं म्हणायचं."

मालक वाईट माणूस नव्हते. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सराई गेली माझी. व्यापारी हे बघून हसला. मास्तर, हा माल जाईपर्यंत तुम्ही घरी बसा. जात नसेल तर... मी दुसरा माणूस बघतो. मला इलाज नाही."

अण्णा घरी बसले. उन्हाळ्यात घरी बसलेला बाप म्हणजे काय ते मला त्या आठ दिवसांत कळलं. भोंगा झाला की ते सवयीनं उठून चपला घालायचे आणि दारापर्यंत जाऊन परत यायचे. दहा वाजता दाढी करायचे. आईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. काटा बरणीत परत गेला. सकाळचं बोंजोउर बंद झालं. एकदा आई म्हणाली, "काय गं, बरं नाही का? आज मला परदेशी काही म्हणाली नाहीस." मी रडायला लागले, तर तिला वाटलं ऊन परत लागलं, आणि तिनं कांदा किसायला घेतला. कांद्याच्या वासात मी तिला सगळं सांगून टाकलं. ती किसत राहिली. मग म्हणाली, "बापाला तू सांगायचंस. मी नाही सांगणार." आणि किसलेला कांदा वाया जाऊ नये म्हणून त्याचं पिठलं केलं.

मी सांगायची हिंमत गोळा करत होते तेवढ्यात आत्या आली, कैऱ्यांचं पोतं घेऊन. मालक फेकून गेलेली चादर आईनं पोत्यासारखी दाराशी अंथरली होती. आत्यानं तिच्यावर पाय ठेवला, खाली बघितलं आणि पाय उचलला.

"अगं बया! ही तर आमच्या रानातली लाईट!"

मंद्रूपच्या बाजूला तेव्हा वीज यायची होती. रानारानांतून लोखंडी उंच खांब उभे राहिले होते, चार पायांवर, जाळीचे, वर निमुळते. आत्याच्या बांधावर एक होता. तिच्या म्हशीला त्याची सावली आवडायची.

"शंकऱ्या, कुणी काढला रं? हुबेहूब हाय की!"

अण्णांना शंकऱ्या म्हणणारी जगात ती एकटीच. मी म्हणाले, "आत्या, तो आयफेल टॉवर आहे."

"आसंल. तुज्या इलायतेत काय बी म्हनंनात. किती हायती असल्या?"

"ऐंशी," अण्णा म्हणाले.

आत्यानं पदर खोचला. "मंगळवारी बाजार हाय मंद्रूपचा. मालकास्नी सांग, मी मांडते."

दिवस मंगळवारच होता की बुधवार, आता मला नक्की आठवत नाही. पण ती चादर आणि तो बाजार मला कालच्यासारखा दिसतो. मालक आत्याला म्हणाले होते, "घेऊन जा मावशी, इथं उंदीरच खाणार." एसटीच्या टपावर गठ्ठे, आत आत्या, अंबय्याकाका आणि मी. माझा पहिला प्रवास, पॅरिस ते मंद्रूप. लिंबाच्या झाडाखाली अंबय्याकाकांनी दोरी बांधली आणि दोन चादरी टांगल्या. लाल जमिनीवर पांढरा टॉवर, पांढऱ्या जमिनीवर लाल टॉवर. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. बांगडीवाल्यापाशी गर्दी, मिरचीवाल्यापाशी गर्दी, आमच्यापुढं एक शेळी. एकही गेली नाही तर अण्णा उद्याही चपला घालून दारापर्यंतच जाणार.

मग खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर म्हातारा थांबला. चादरीकडं बघत राहिला, जवळ आला, बोटानं टोकापर्यंत गेला आणि मान हलवली.

"खांब हाय, तार न्हाय."

"आवं, तुमच्या रानातल्याला तरी कुटं हाय तार?" आत्या म्हणाली. "वरीस झालं नुसताच हुबा हाय की!"

आजूबाजूचे चार जण हसले. हसले की माणसं जवळ येतात.

"त्ये बी खरंच. मंग बरोबर हाय चादर."

"पांघरल्यावर शॉक बसंल का वो?" एका पोरसवदा नवऱ्यानं विचारलं.

"बसला तर ऊब ईल. जोडीनं घे," आत्या म्हणाली, आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून मागं वळली.

मला हे सहन होईना. काय वाटेल ते झालं तरी तो पॅरिसचा टॉवर होता. मी दोरीपुढं उभी राहिले आणि शाळेत भाषण करतात तशी बोलले, "हा खांब नाही! हा आयफेल टॉवर आहे. फ्रान्समध्ये पॅरिस म्हणून शहर आहे, तिथं आहे हा!"

धनगर म्हाताऱ्यानं माझ्याकडं फार मायेनं बघितलं.

"आसंल की बाई. तितं बी लाईट आली आसंल."

पहिली चादर त्यानंच घेतली. दुसरी एका मुलीच्या बापानं रुखवतात मांडायला घेतली. "जावयाच्या गावाला आजून खांब बी न्हाईत," तो सगळ्यांना सांगत होता, "बगू दे त्येला." मग मात्र रीघ लागली. गावात वीज येणार म्हणून लोक वर्षभर नुसती वाट बघत बसले होते, आणि अजून न आलेली ती गोष्ट चादरीवर घडी होऊन हातात मिळत होती. ऊन उतरायच्या आत दोरी मोकळी झाली. एक चादर आत्यानं आधीच बुडाखाली दाबून ठेवली होती. "म्हशीसाठी," म्हणाली.

परतीच्या एसटीत आत्या नव्हती, ती मंद्रूपलाच राहिली. अंबय्याकाकांनी पान लावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर हुशार माणूस. मला तेव्हा पटलं नव्हतं."

"तेव्हा म्हणजे?"

"तू गच्चीवर होतीस, कावळे हाकत. मी पुठ्ठे घेऊन आलो घरी. म्हटलं, मास्तर, भोकं पाडली, पण मला जरा वेगळंच लागतंय. त्यांनी डोळ्याला पट्टी असताना माळ मांडीवर घेतली. पहिल्या पट्ट्या बोटानं चाचपल्या. भोकांचे चार पुंजके, मधे रिकामं. मग वरवर गेले, पार टोकापर्यंत. म्हणाले, अंबय्या, हे शिखर नाही. मी म्हटलं, परत पाडू काय? पोरीला बोलावू काय?" काकांनी पानाची पिचकारी खिडकीबाहेर टाकली. "तर म्हणाले, रेषा सरळ आहे. राहू दे."

सोलापूर येईपर्यंत मी मांडीवर बोटांनी चार पुंजके मोजत राहिले. घरी आले तर अण्णा ओट्यावर बसले होते, गठ्ठे परत आले नाहीत हे त्यांनी बघितलं. मी चपला न काढता त्यांच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, ते मी केलं. मुद्दाम केलं. शिखर पुसून केलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "चार पाय मोजले मी."

"मग का जाऊ दिलंत?"

अण्णांनी जरा विचार केला. ते मोठी वाक्यं बोलणारे नव्हते. "मला वाटलं, खपेल," ते म्हणाले. "तिथं माझा अंदाज चुकला. म्हणजे आठच दिवस चुकला." मग आत बघून, आई ऐकत नाही याची खात्री करून, "आणि मला पण बघायचा होता गं तो, कसा दिसतो विणल्यावर." थोड्या वेळानं पुन्हा, मास्तरांच्या आवाजात, "कमानीच्या वर फार घाईनं निमुळता केलास. चार ओळी अजून घ्यायला हव्या होत्या. उद्या बस, दाखवतो."

उद्या ते बसले ते कारखान्यात. मालकांनी दीडशे चादरींची नवी नक्षी सांगितली, तीच, पण तारा घालून. तारा अण्णांनी काढल्या, घरं मी भरली. पुढं मंद्रूपला वीज आली तेव्हा घराघरांत ती चादर होती असं आत्या सांगायची, पण आत्याच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं.

मी पुढं फ्रेंच शिकले नाही, पॅरिसहून पोस्टमन आला नाही. नक्षी मात्र शिकले, लग्नानंतरही घरी बसून कागद भरत राहिले, आणि माझ्या हातचे मोर अजून कुणाकुणाच्या पेटीत असतील. अण्णा गेले त्याला खूप वर्षं झाली. त्यांनी सोलापूरबाहेर मंद्रूप, तुळजापूर आणि पंढरपूर सोडलं तर काही पाहिलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ऋतानं मला पॅरिसला नेलं. ती तिथं शिकते. फूटपाथवरच्या खुर्चीत मी शेवटी बसले, कॉफी कडू होती, उन्हाला काही जोर नव्हता. मी वेटरला बोंजोउर म्हटलं, सगळी अक्षरं उच्चारून. त्यानं मला इंग्रजीत उत्तर दिलं. मग आम्ही टॉवरखाली गेलो. ऋता फोन धरून उभी, माझा चेहरा टिपायला. साठ वर्षांचं स्वप्न आजीला भेटतंय, असं काहीतरी तिच्या मनात असणार.

"आजी, कसा वाटला?"

मी मान वर करून नीट बघितलं. "खांब हाय," मी म्हणाले, "तार न्हाय."

ती इतकी हसली की फोन हलला आणि त्यात नुसतं आकाश आलं. ती पुन्हा नीट घेऊ म्हणत होती तेवढ्यात मी जिन्याच्या तोंडाशी गेले. तिथं लोखंडाची पट्टी हाताला लागते. थंड होती, आणि तिच्यावर गोल गोल ठोकलेल्या खिळ्यांच्या ओळी होत्या, एकसारख्या अंतरावर. मी डोळे मिटले आणि बोटं फिरवत वर वर गेले, हात पोचेल तिथपर्यंत.

"आजी, काय करतेस?"

रेषा सरळ होती.

"काही नाही गं," मी म्हणाले. "राहू दे."